चौथा ठसा

मोरोक्कोतल्या सेफ्रूच्या जुन्या गावात चार भिंती आणि छप्पर असलं म्हणजे घर होत नाही. ज्या घरची फळी सकाळी भट्टीवर जाते, ते घर. कणकेचे जाड गोळे थापायचे, लाकडी फळीवर मांडायचे, वर फडकं टाकायचं आणि भट्टीवर नेऊन द्यायचे. दुपारी फुगलेल्या गोल रोट्या परत येतात. भट्टीत सगळ्या गल्लीच्या रोट्या एकत्र भाजल्या जातात, म्हणून प्रत्येक घराची रोटीवर आपली खूण असते. कुणी काट्याने टोचतं, कुणी कडेला चिमटे काढतं. भट्टीवाल्या बा अल्लालला माणसांची नावं आठवत नसत, पण खूण बघून तो घर अचूक सांगायचा. कुणाकडे पाहुणे आलेत आणि कुणाकडे नवरा-बायकोचं वाजलंय, हेही तो रोटीवरून सांगे आणि बहुधा खरं निघे.

रंगाऱ्यांच्या गल्लीत एका संस्थेने घर भाड्याने घेतलं आणि त्यात चार बायका आणून ठेवल्या, तेव्हा गल्लीने नाक मुरडलं. या चौघींची अंगं वाढली होती, वयं वाढली होती, बुद्धी मात्र मागे रेंगाळली होती. गल्लीने एका दिवसात नाव पाडलं, वेड्यांचं घर. बायका पोरांना त्या दारावरून ओढून न्यायला लागल्या. त्यांना सांभाळणारी इत्तो वरच्या डोंगरातली, रुंद हातांची, मोठ्या आवाजाची बाई होती. तिने पहिल्याच आठवड्यात कणीक मळली, फळी बतूलच्या डोक्यावर दिली आणि दोघी भट्टीवर गेल्या.

बा अल्लालने फडकं उचलून बघितलं. "खूण कुठाय?"

इत्तोच्या डोंगरात प्रत्येकाची चूल आपापली, खुणेची गरजच नव्हती. मागे उभ्या बायका खुसखुसल्या. "वेड्यांना कसली खूण हवी, करपलेली रोटी त्यांची समजायची," एक म्हणाली.

तेव्हा बतूलने मूठ उघडली. मुठीत शिवणकामात बोटावर चढवतात ते पितळी अंगुस्तान होतं. तिने ते पहिल्या गोळ्यावर दाबलं, चार वेळा, आणि प्रत्येक वेळी मोठ्याने नाव घेतलं. "हनिया. किंझा. रकिया. बतूल." मग दुसऱ्या गोळ्यावर तसंच, मग तिसऱ्या. बा अल्लालने ते चार गोल ठसे नीट पाहून घेतले आणि मान हलवली. दुपारी त्याने "चार ठशांचं घर!" अशी हाळी दिली, आणि तेव्हापासून ते घर घर झालं. वेड्यांचं म्हणणारे म्हणत राहिलेच. जिभेला हाड नसतं.

ते अंगुस्तान बतूलच्या आईचं. सेफ्रूतल्या अर्ध्या बायका झग्यांची रेशमी बटणं विणून पोट भरतात, तशीच तीही. बतूल तिच्या शेजारी बसून रेशमाचं रीळ धरायची. आईचा जीव होता तिच्यावर, हे खरं. पण दाराची कडी वाजली की तीच आई बतूलला घाईने माळ्यावर चढवायची. "हे अंगुस्तान मुठीत धर. मूठ उघडायची नाही आणि बोलायचं नाही. पाहुणे गेले की मी हाक मारीन." बतूल बसायची. पाहुणे चहा प्यायचे, पुन्हा प्यायचे, सोयरिकीच्या गप्पा मारायचे, आणि ती वर अंधारात मूठ आवळून बसायची. अशी तिची सगळी जवानी माळ्यावर गेली. गावात कित्येकांना ठाऊकच नव्हतं की थामी कापडवाल्याला बहीण आहे.

आई गेली तेव्हा बतूलचे केस पिकायला लागले होते. तिला चहा करता येत नव्हता, सुरी धरता येत नव्हती, रस्ता ओलांडता येत नव्हता. येणार कुठून? कुणी काही हातात दिलंच नव्हतं. थामीने तिला आपल्या घरी नेलं. त्याची बायको नुझा हिने काही महिने सोसलं, म्हणजे रोज आरडाओरडा केला, आणि मग निकाल दिला. "ही पेले फोडते, पोरीच्या मैत्रिणी हिला बघून हसतात. एक तर ही राहील नाहीतर मी." तेवढ्यात कुणीतरी संस्थेचं घर सुचवलं. थामी तिला दारात सोडून गेला तेव्हा वळून बघायलाही थांबला नाही.

त्या घरात बतूल माणसात आली. इत्तोचा नियम होता, "तुझं काम मी करणार नाही. तुझ्याबरोबर करीन." बतूलच्या हातावर हात ठेवून तिने कणीक मळायला लावली, पुन्हा, आणि पुन्हा. पाणी सांडलं, पीठ उधळलं, एकदा खमिराची अख्खी वाटी बतूलने साखर समजून चहात घातली. हनिया, त्या घरातली सगळ्यात थोरली आणि सगळ्यात तिखट जिभेची, म्हणाली, "द्या, द्या मला तो चहा. मी अशीही फुगलेलीच आहे, आणखी थोडी फुगेन." रकिया हसून हसून खाली बसली. किंझा बोलत नसे. ती फक्त दाराशी सगळ्यांच्या चपला ओळीने लावत असे, रोज त्याच क्रमाने, आणि कुणी ती ओळ मोडली की कान झाकून ओरडे. त्या ओळीत शेवटची जोडी बतूलची असायची.

हळूहळू बतूल कणकेवर उस्ताद झाली. ती पिठात चिमूटभर बडीशेप घालायची, कारण हनियाला आवडायची. फळी डोक्यावर घेऊन एकटी भट्टीवर जायची, बा अल्लालशी हवापाण्याच्या गप्पा मारायची. तिच्या गळ्यात दाराची किल्ली असायची. गल्लीतल्या बायका आता तिला "लल्ला बतूल", म्हणजे बतूलबाई, म्हणून सलाम करायच्या, कुणी थट्टेने, कुणी खरोखर. तिला दोन्ही चालायचं. माळ्यावर असताना तिला कुणी थट्टेनेसुद्धा हाक मारली नव्हती.

वर्षातून एकदा संस्थेच्या बायका फेस शहरातून यायच्या, अत्तर लावून, आणि घरच्यांना बोलावून चहापान करायच्या. थामी आणि नुझा कधी येत नसत. त्या वर्षी आले. कारण उघड होतं, पण त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही. नुझाची आई अंथरुणाला खिळून तिच्याकडे येऊन राहिली होती. थोराड बाई, उठवायला दोन माणसं लागत, आणि तोंड असं की कुठली मोलकरीण टिकत नव्हती.

नुझाने रोटीचा तुकडा मोडला, वास घेतला, खाल्ला. "कुणी केल्या या?"

"मी!" बतूल खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. "मी केल्या! कणीक माझी, फळी मी नेली, खूणसुद्धा माझी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संस्थेच्या एका बाईने डोळे पुसले. नुझाने मात्र बतूलकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, थामी दुकानात कापडाचा पोत बघतो तसं. "अगं बाई! आणि आणखी काय काय येतं गं तुला?"

बतूलने सांगितलं. फरशी पुसते, कपडे धुते, चहा करते, पेले फोडत नाही. आणि इत्तोलाही राहवलं नाही. पोरीचं कौतुक करताना कुठल्या आईच्या जिभेला लगाम असतो? "आजाऱ्याचंसुद्धा सगळं करते हो. आमची रकिया पडली होती, तेव्हा हिनेच उचललं, धुतलं, भरवलं. कंटाळा म्हणून नाही."

पाहुणे गेल्यावर हनिया पेले गोळा करता करता म्हणाली, "त्या बाईने रोटी नाही खाल्ली. तिने तुला खाल्लं, बतूल."

"तिला आवडली!" बतूल म्हणाली.

"तेच तर."

थोड्याच दिवसांत थामी आला, हातात साखरेचा निळ्या कागदातला मोठा सुळका घेऊन. हनियाने दार उघडलं आणि तिथूनच ओरडली, "साखरेचा सुळका? लग्नाची मागणी घालायला आलास की काय रे? मी आहे हो मोकळी!"

थामी हसला. तो गोड बोलणारा माणूस, गिऱ्हाइकाला फाटकं कापडसुद्धा दुवा घेऊन विकेल. "लल्ला इत्तो," तो बसत म्हणाला, "लोक माझ्या तोंडावर बोलतात. सख्खी बहीण परक्यांच्या दारात टाकलीस म्हणतात. आई, अल्लाह तिच्यावर रहम करो, स्वप्नात येते. सणाला नेतो तिला. चार दिवस आपल्या माणसांत राहील."

"आणि सणानंतर?"

"आणून सोडतो की! मी काय परका आहे?"

बतूलने गाठोडं बांधलं. तिला आनंदच झाला होता. भाऊ न्यायला येतो ही गोष्ट तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होती. अंगुस्तान तिने बरोबर घेतलं, किल्ली खुंटीला लावली. "माझ्या चपलेची जागा ठेव," तिने किंझाला सांगितलं. किंझाने मान वर केली नाही, पण ऐकलं.

सण झाला. थामीने आणून सोडलं नाही. इत्तोने फोन केला तर म्हणाला, "आता ती आपल्या घरी आहे, लल्ला. काळजी सोडा." इत्तोने फेसला फोन केला. तिकडची बाई समजावणीच्या सुरात म्हणाली, "कायद्याने पालक तो आहे, आपण काय करणार? आणि उलट बघा ना, ज्या घरच्यांनी टाकलं त्यांनीच परत घेतलं. हेच तर आपलं यश!" इत्तोने फोन ठेवला आणि डोंगरी भाषेत एक शिवी दिली. पेले फोडत होती तोवर ही बया नकोशी होती. इत्तोच्या घराने तिला शिकवून तयार केली, तेव्हा लागलीच रक्ताचं नातं उमाळून आलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे जगात थोडे नाहीत, पण हे पीठ इत्तोने स्वतः चाळलेलं होतं.

थामीच्या घरी बतूलला गच्चीवरची खोली मिळाली, पाण्याच्या टाकीशेजारी. सकाळी नुझाच्या आईला उठवायचं, धुवायचं, कूस बदलायची. सगळे तिला हाज्जा म्हणत. हाज्जा चिमटे काढायची. मग फरशा पुसायच्या, कपडे धुवायचे, कणीक मळायची. धुण्याच्या तिखट पाण्याने बतूलच्या हातांना भेगा पडल्या आणि कणकेतलं मीठ त्या भेगांत झोंबायला लागलं. कुणी मारलं वगैरे नाही. जेवायला मिळायचं, स्वयंपाकघरात, सगळ्यांचं झाल्यावर. पाहुणे आले की नुझा गच्चीकडे बोट दाखवायची. बतूलला ते नवीन नव्हतं. ती वर जाऊन मूठ आवळून बसायची.

"घरी कधी जायचं?" ती रोज विचारायची.

"हेच घर तुझं," नुझा म्हणायची.

बतूलला वाद घालता येत नव्हता, पण घर कशावरून ओळखायचं ते तिला पक्कं माहीत होतं. ती प्रत्येक गोळ्यावर अंगुस्तान दाबायची. हनिया. किंझा. रकिया. बतूल. वर फडकं टाकायची. दुकानातला गडी फळी त्याच बा अल्लालच्या भट्टीवर न्यायचा.

सणानंतर अशी फळी गेली त्या पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. इकडे चार ठशांच्या घरानेही फळी पाठवली होती. बतूल गेल्यावर इत्तोने दुसरं अंगुस्तान आणलं होतं, सेफ्रूत त्याला काय तोटा! हनिया म्हणाली होती, "आता आपण तिघी. चौथा ठसा कुणाचा?" आणि इत्तो तडकली होती, "तिचा! यायचीय ती." भट्टीतून रोट्या बाहेर आल्या तेव्हा बा अल्लालला चार ठसेवाल्या नेहमीपेक्षा दुप्पट दिसल्या. त्याला वाटलं, पाहुणे असतील. त्याने सगळ्या एकाच फळीवर रचल्या आणि थामीची फळी रिकामी भिंतीला टेकवली.

चार ठशांच्या घरात सगळ्यांनी जेवायला सुरुवात केली आणि हनियाचा घास तोंडातच थांबला. "बडीशेप," ती म्हणाली. "ही तिची आहे." रकियाने आपला तुकडा उचलून गालाला लावला. इत्तो उठून न्हाणीत गेली आणि बराच वेळ पाणी सोडून बसली.

थामीच्या घरात वेगळाच तमाशा. नुझा तांबडीलाल होऊन स्वयंपाकघरात आली. "माझ्या घरची रोटी वेड्यांच्या घरी! गल्लीत हसं झालं माझं!"

बतूलचा चेहरा उजळला. "पोचली?"

"पोचली म्हणजे? गिळलीसुद्धा असेल त्यांनी!"

"हनियाला बडीशेप आवडते," बतूल म्हणाली.

"उद्यापासून सुरीने दोन रेघा मारायच्या. या घरची खूण रेघ आहे. आणि ते अंगुस्तान आण इकडे."

बतूलची मूठ पाठीमागे गेली. "हरवलं," ती म्हणाली. आयुष्यात तिने कधी थाप मारली नव्हती. ती शिकायला भावाच्या घरी यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी इत्तो उरलेल्या रोट्या फडक्यात बांधून थामीच्या दारात उभी राहिली. तिला रोट्या द्यायच्या नव्हत्या, बतूलला बघायचं होतं. वर हाज्जाची कूस बदलताना बतूलने तो मोठा आवाज ओळखला. "आले! चप्पल घालते!" ती ओरडली आणि गच्चीवर चपला शोधायला धावली. चपला नव्हत्या. घरात कशाला लागतात म्हणून नुझाने त्या केव्हाच कपाटात टाकल्या होत्या. ती अनवाणी जिना उतरून आली तेव्हा दार लागलेलं होतं. नुझा रोट्यांचं फडकं हातात घेऊन म्हणाली, "झोपलीस म्हणून सांगितलं. जा, वर जा."

त्या दिवसापासून बतूलने सुरीच्या रेघा मारल्या. पण एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली होती. चार ठशांची रोटी घरी जाते. कुणी काही म्हणो, ती वाट चुकत नाही.

हिवाळा सरता सरता थामीच्या मुलीची, सलवाची, सोयरीक ठरली. नवऱ्याकडचे जेवायला येणार होते. घरात मांस शिजत होतं, बदाम सोलले जात होते, गडी खुर्च्या वाहत होता, आणि रोट्यांच्या दोन फळ्या तशाच पडल्या होत्या. नुझा वैतागली. तिने कपाटातून चपला काढून बतूलपुढे टाकल्या. "मोठी फळी तू घेऊन जा. सरळ भट्टी, सरळ परत. कुणाशी बोलायचं नाही. उशीर झाला तर बघ."

बतूल फळी डोक्यावर घेऊन निघाली. कित्येक महिन्यांनंतर तिच्या पायांना रस्ता लागत होता. भट्टीवर तिने फळी खाली ठेवली, ओढणीच्या गाठीतून अंगुस्तान सोडलं आणि रेघांच्या शेजारी दाबायला सुरुवात केली. एका गोळ्यावर चार, दुसऱ्या गोळ्यावर चार.

बा अल्लाल लांब दांड्याचं फावडं टेकून बघत राहिला. "कोणत्या घरच्या समजू, पोरी?"

"आमच्या."

म्हाताऱ्याने तिच्या हातांकडे बघितलं. मागच्या खेपेला त्याने यापायी नुझाकडून पुष्कळ ऐकून घेतलं होतं. "समजतो. म्हातारं माणूस मी, दोन शिव्या जास्त खाईन," तो म्हणाला. रोट्या निघाल्या, तशा त्याने तिच्या फळीवर रचून दिल्या. बतूल डावीकडे थामीच्या घराकडे वळली नाही. उजवीकडे वळली.

तिने दार वाजवलं. दार एका अनोळखी, गोल चेहऱ्याच्या बाईने उघडलं. तिच्या गळ्यात किल्ली होती.

"कोण तू?" त्या बाईने विचारलं.

"मी बतूल. मी इथली."

"इथली मी आहे," ती बाई म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं. ती होतीच तिथली, गेल्या महिन्यापासून. तिचं नाव झुबैदा.

आतून इत्तो धावत आली. तिने फळी उतरवून घेतली, बतूलचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले. हनिया म्हणाली, "आलीस? इतक्या रोट्या? अगं, आम्हाला फुगवून मारायचंय का?" आणि मग ती हनिया, जी कुणी मेलं तरी विनोद करायची, तोंडावर ओढणी घेऊन रडायला लागली. किंझा मात्र दाराशी गेली. तिने झुबैदाच्या चपला ओळीतून उचलून भिंतीकडे सरकवल्या, बतूलच्या चपला शेवटच्या जागी लावल्या, आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

बतूल बैठकीवर बसली. मेजावर आजच्याच रोट्या होत्या. तिने एक उचलली. चार ठसे होते. तिने बोट ठेवून मोजले. "हनिया. किंझा. रकिया." मग तिचं बोट थांबलं. "हा माझा?"

इत्तोने दुसरीकडे बघितलं. हनियाला खोटं बोलता येत नसे, तेच तिचं दुखणं. "झुबैदाचा," ती म्हणाली. "खाट रिकामी ठेवू देईनात गं फेसवाल्या. ही पण बिचारी कुठून तरी टाकलेलीच आहे."

बतूलने रोटी खाली ठेवली. ती रागावली नाही. तिने झुबैदाकडे बघितलं आणि विचारलं, "कणीक येते तुला?"

"शिकतेय," झुबैदा म्हणाली.

"बडीशेप घाल."

"जमिनीवर गादी टाकू," इत्तो एकदम म्हणाली. "माझ्या खोलीत राहील. काय व्हायचं ते होऊ दे." पण तेवढ्यात दारावर थाप पडली. थामी नवा झगा घालून आला होता. त्याच्या मागे गडी होता, फळी न्यायला.

"चल गं बाई, पाहुणे बसलेत," तो मऊ आवाजात म्हणाला.

"नाही," बतूल म्हणाली.

इत्तो दोघांच्या मध्ये उभी राहिली. "ऐकलंस? ती नाही म्हणतेय."

"तिला काय कळतं, लल्ला?"

"तुझ्या सासूला धुवायला कळतं. तुझ्या सोयरिकीच्या रोट्या करायला कळतं. आणि आपण कुठं राहायचं एवढंच तेवढं कळत नाही होय रे?"

थामीचा गोडवा उतरला. "पालक मी आहे. पोलिसांना बोलावू? हे घरच बंद करतील. मग या चौघींना कुठं नेशील?"

इत्तोने हनियाकडे बघितलं, रकियाकडे बघितलं, दाराशी कान झाकून उभ्या किंझाकडे बघितलं. आणि ती बाजूला झाली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि तरीही ते तिने केलं म्हणून ती स्वतःला कधी माफ करणार नव्हती. बतूलने चपला घातल्या. ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली. किंझा ओरडत होती ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

थामीच्या घरी जेवण झकास झालं. रोट्या थोड्या निवल्या होत्या, पण गोड लागत होत्या. बतूल हात धुवायचं भांडं घेऊन फिरत होती, कारण गडी दमला होता. नवऱ्यामुलाच्या आईने तुकडा मोडला, वास घेतला. "वा! बडीशेप! किती दिवसांनी अशी रोटी खाल्ली. कुणी केली?" आणि समोर उभ्या बतूलकडे बघून तिने हसून विचारलं, "तू केलीस का गं?"

नुझाच्या हातातला पेला थांबला.

बतूलने विचार केला. ती हळू विचार करायची, पण नीट करायची. मागे एकदा असंच विचारलं होतं. तेव्हा ती "मी" म्हणाली होती. म्हणून भाऊ साखर घेऊन आला, म्हणून घर गेलं, खाट गेली, किल्ली गेली, चौथा ठसा गेला. तिची मूठ ओढणीखाली आवळली गेली.

"मी नाही," ती म्हणाली. "मला काही येत नाही."

"मीच केल्या हो," नुझा हसत म्हणाली. "घरच्या कणकेची चवच वेगळी." सगळ्यांनी तिच्या हातांना दुवा दिला.

पाहुण्यांना निरोप देऊन नुझा आत वळली तेव्हा बतूल दाराशी बसलेली दिसली. तिने गाठोडं बांधून मांडीवर घेतलं होतं, पायांत चपला घातल्या होत्या. तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आपल्याला काही येत नाही. काही येत नव्हतं तेव्हा याच घराने तिला तिकडे नेऊन सोडलं होतं. आता पुन्हा नेऊन सोडतील, आणि गादी जमिनीवर टाकली तरी तिला चालणार होतं.

"अगं, इथं काय बसलीस?" नुझा म्हणाली. "ऊठ, भांडी पडलीत."